आमच्या घराण्याचा पोळ्याचा मान

माझा नवरा पुण्याचा. त्यामुळे इतिहास म्हटला की तो त्याच्या मालकीचा. माझ्या माहेरच्या गावाचा विषय निघाला की तो हमखास म्हणतो, "तुमचा इतिहास काय, आगगाडीतून उतरलेला!" आणि राग याचा येतो की ते खरं आहे. आमच्या गावाला किल्ला नाही, बुरूज नाही, कुठल्या सरदाराची समाधी नाही. वऱ्हाडातलं कापसाचं गाव ते. विलायतेत राणीचं राज्य होतं तेव्हा कापूस न्यायला रेल्वे आली, रेल्वेमागून कापसातली सरकी काढायचं जिन आलं, जिनामागून दगडी बाजार आला, आणि त्या बाजाराभोवती गाव बसलं. रस्ते अजूनही पट्टीनं आखल्यासारखे सरळ आहेत. स्टेशनावरची घंटा राणीच्या काळातली, बाजाराच्या कमानीवरचा दगडी मुकुट राणीचा, आणि आमच्या घराचं भांडणही राणीच्या काळातलंच.

भांडण असं. स्टेशनाला जमीन दिली आमच्या पणजोबांच्या वडिलांनी. बाजाराला जमीन दिली दुसऱ्या एका घरानं. आता गाव कुणामुळे झालं, स्टेशनामुळे की बाजारामुळे? पहिल्या पोळ्याला स्टेशन आणि बाजार यांच्या मधल्या रस्त्यावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, आणि दोन्ही घरांच्या बैलजोड्या त्याखाली येऊन अडल्या. तोरण तोडून पहिली जोडी पुढे गेली की पोळा फुटतो, मग बाकीची गावची जनावरं निघतात. तो पहिला मान कुणाचा, यावरून काठ्या निघायची वेळ आली. तिथे कुणी गोरा साहेब पोळा बघायला आला होता म्हणे. तो उन्हानं वैतागून म्हणाला, जो चांगलं बोलेल तो पुढे जाईल.

साहेब खरंच असं म्हणाला का, देव जाणे. पण तेव्हापासून आमच्याकडे मान झडतीवर ठरतो. झडती म्हणजे आमच्या विदर्भातली पोळ्याची शीघ्रकविता. तोरणाखाली उभं राहून एकानं समोरच्याची यमकात चंपी करायची, समोरच्यानं तशीच परत करायची. ज्याचं तोंड आधी बंद पडेल तो मागे. एका वर्षी आमची जोडी पुढे, एका वर्षी त्यांची. गावातली म्हातारी माणसं कुठली झडती कुठल्या वर्षी पडली ते क्रिकेटच्या मॅचसारखं सांगतात.

बाबांना मुलगा नाही. मी एकटी. लहानपणी मी ओवाळणीचं ताट घेऊन ओट्यावर उभी राहायची आणि बाबांची प्रत्येक झडती ओठातल्या ओठात म्हणायची. एकदा जरा मोठ्यानं म्हटली तर आजोबांनी डोळे वटारले. "पोरीच्या जातीनं तोरणाखाली तोंड उघडू नये." झालं. विषय संपला. बाबांना मी कधी "मला शिकवा" म्हटलं नाही, आणि त्यांच्याही ते कधी डोक्यात आलं नाही. मला मात्र झडती म्हणता येत नाही याचं वाईट वाटायचं. आजही वाटतं, उगाच खोटं कशाला बोलू?

आम्ही कुवेतला येऊन बरीच वर्षं झाली. नवरा शुऐबाच्या एका कारखान्यात इंजिनियर, घर मंगफला. गंमत म्हणजे दोन गल्ल्या सोडून, बाजाराला जमीन देणाऱ्या त्याच दुसऱ्या घराचा मुलगा राहतो. तोही शुऐबालाच. आमची छान मैत्री आहे. त्याची बायको आणि मी मिळून वाळवणं करतो, इथलं ऊन पापडांना वरदान आहे. पोळ्याच्या भांडणावर आम्ही कधी बोललोसुद्धा नव्हतो.

यंदा उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे आले, तेव्हा मी त्यांना हे मोठ्या कौतुकानं सांगितलं. "बाबा, आम्ही दोघं ते भांडण केव्हाच विसरून गेलो."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घर विकल्याचंच सांगितलं. "विसरले? बाप्पा! भांडन काय विसराची गोष्ट आहे?"

बाबा आले ते काही धड नव्हते. तब्येत उत्तम, साखर नाही, बीपी नाही. पण माणूस बसल्या जागी गप्प. एसीसमोर खुर्ची ओढायची आणि खिडकीतून पाण्याच्या टाक्या बघत राहायचं. मागच्या पोळ्यानंतर त्यांनी बैलजोडी विकून टाकली होती. वैरण उचलवत नाही म्हणाले. मला ते पटलं होतं. पण आल्यावर एका दुपारी, मी वांगी चिरत असताना, ते आपणहून बोलले.

"मागच्या पोळ्याले मी तोरणाखाली उभा राह्यलो. झडती म्हनली. समोरून कोनी बोललंच नाही."

"म्हणजे?"

"त्या घरचा म्हातारा गेला ना. पोरं पुन्यामुंबईले, एक इथं. त्याइच्या दारात ट्रॅक्टर उभा. कोनी आलंच नाही. मी पुन्हा म्हनली. लोक म्हनले, चला भाऊ, जा पुढं, ऊन होऊन राह्यलं. मंग गेलो." त्यांनी ताटातलं एक वांगं उचललं, उलटंपालटं करून परत ठेवलं. "असा मान मले नाही पाह्यजे. कोनी भांडाले नसन तो काय मान हाय? त्या दिवशी मी जेवलो नाही, पोरी. माह्या मागं तरी कोन हाय? संपलं ते."

"कोन हाय" म्हणताना ते माझ्याच समोर बसले होते, हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. मी वांगी जरा जास्तच जोरात चिरली.

पुढे रोज संध्याकाळी एकच प्रश्न सुरू झाला, "तिकिटाचं पाह्यलं काय?" इथला लांबलचक उन्हाळा संपायच्या आतच त्यांना परत जायचं होतं. मी टोलवत राहिले.

अशात मंडळाचा निरोप आला. आमच्या मराठी मंडळात नागपूर-अमरावतीकडची मंडळी थोडी, पण गळा मोठा. त्यांनी हट्ट धरून तान्हा पोळा ठरवला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांनी लाकडाचे बैल सजवून आणायचे, तोरणाखालून न्यायचे, खाऊ घ्यायचा. कुवेतच्या सोयीनं तो सुट्टीच्या शुक्रवारी, एका हॉलमध्ये. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "पोरासोरांचा खेळ." मी म्हटलं, "त्या घरच्या काकू पण येणारेत. मुलाकडे आल्यात. त्यांचा नातू बैल आणतोय."

खुर्ची एसीकडून माझ्याकडे वळली.

"त्याइचा बैल येते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा नवऱ्याच्या आधी बूट घालून दारात उभे. अर्दियाच्या गोदामांकडे एका सुताराच्या शेडमधून त्यांनी लाकडाचे तुकडे मिळवले. राई नावाच्या भागातल्या शुक्रवार बाजारातून एक मोडकी बाबागाडी आणली, चाकांसाठी. मग घरात जो काही भुसा झाला! बाल्कनीत उकाड्यानं बसवेना म्हणून बाबा न्हाणीघरात पाटावर बसून बैल तासायचे. नवरा अंघोळीला टॉवेल घेऊन बाहेर ताटकळायचा. "सासऱ्यांनी गोठा उघडलाय," म्हणायचा, पण रोज कामावरून येताना सँडपेपर आणायचा. माझी मुलगी सहावीत, तिनं आधी "आजोबा, इट्स सो क्यूट" केलं, मग शिंगांना रंग तिनंच दिला. जांभळा. बाबांनी पाच मिनिटं शिंगांकडे बघितलं आणि म्हणाले, "असू दे. याच्यासारखा दुसरा नसन." जुन्या पैठणीच्या काठाची झूल मी शिवली. आदल्या संध्याकाळी त्यांनी बैलाच्या लाकडी खांद्याला हळद-तूप चोळलं आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असं रीतीप्रमाणे म्हटलं. नवरा हसला नाही. पुण्याचा असून.

हॉलमध्ये पोचलो तर तोरण लागलेलं. बकाल्यातून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, आणलेली आंब्याची पानं कमी पडली म्हणून मधेमधे खजुराची पाती खोवलेली. छान दिसत होतं. दारात मंडळाचे चिटणीस. हेही पुण्याचे, अत्यंत सज्जन माणूस, सगळ्या कामात शिस्त. त्यांनी प्रत्येक बैलाच्या गळ्यात एक टोकन अडकवलं.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"नंबर, काका. गोंधळ नको म्हणून. आडनावाच्या अक्षराप्रमाणे एकेक बैल सोडायचा. एकदम फेअर."

बाबांनी टोकन हातात घेऊन पाहिलं. आमचा नंबर कुठेतरी मध्यात होता. "अक्षर इंग्रजी का मराठी?"

"इंग्रजी... म्हणजे यादी कॉम्प्युटरवर आहे ना."

"बाप्पा! पोळ्याचा मान आता एबीशीडीनं ठरते काय?"

चिटणीस गोरेमोरे झाले. त्यांना मान म्हणजे श्रीफळ आणि शाल एवढंच ठाऊक. मी बाबांचा हात धरून त्यांना बाजूला घेणार, तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला.

"बराबर बोलले भाऊ. आमाले बी नाही पाह्यजे हे बिल्ले. आमच्या घरचा बैल शेवटी? शेवटी त पोरं कुत्रे आनतात पोळ्यात!"

काकू. त्या दुसऱ्या घरच्या. बुटक्या, नऊवारी नेसलेल्या, पायात इथल्या मॉलमधले पांढरेशुभ्र बूट. त्यांनी नातवाच्या बैलाच्या गळ्यातलं टोकन काढून चिटणिसांच्या हातात दिलं. मग त्या थेट तोरणाखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि बाबांकडे बघितलं.

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. बाई तोरणाखाली उभी आहे हे त्यांना पचायला जरा वेळ लागला. पण सुरसुरी तर आली होती. त्यांनी बैलाचा कासरा माझ्या मुलीच्या हातातून घेतला, पुढे झाले, आणि आमच्या घरची ठरलेली पहिली झडती टाकली.

"टेसनात आली आगगाडी, गाडीत बसली रानी,
रानीनं पुसलं, कोनाच्या बैलाले पह्यलं पानी?"

आमच्याकडची चार डोकी "आमच्या!" ओरडली. नागपूरकर मंडळी खुर्च्या सोडून पुढे सरकली. काकूंनी पदर खोचला.

"रानी राह्यली लंडनात, गाडी आली रिकामी,
थापा मारनाऱ्या घरचा बैल काय कामी?"

अहो, छप्पर उडालं! हॉलभर टाळ्या आणि शिट्ट्या, आणि चिटणीस भिंतीला टेकून उभे. बाबांचा चेहरा मी बघत होते. त्यांचे डोळे एकदम बारीक झाले. "अरे," ते हळूच म्हणाले, "हे त म्हाताऱ्याचं बोलनं."

"म्हाताऱ्याचं नाही," काकू म्हणाल्या. "माहं. त्याइले एक कडवं सुचत नव्हतं. पोळ्याच्या आठ दिवस आधी चुलीपाशी बसून मी सांगत होती आन् ते घोकत होते. मले तिथं तोंड उघडाची सोय होती काय? ते गेले, माह्या झडत्या मुक्या झाल्या. मागच्या साली तुमचा आवाज आयकला मी, भाऊ. कवाडाच्या मागं उभी होती. दोन जबाब तोंडात होते."

एवढ्या महिन्यांत मी पहिल्यांदा त्यांना ताठ उभं राहिलेलं पाहिलं. मागच्या वर्षी समोर कुणीतरी होतं, कवाडामागे का होईना, होतं! त्यांनी खाकरून घसा साफ केला, आणि मग जी टाकली ती अशी की न्हाणीघरातल्या फरश्या हलाव्यात.

"आमचा बैल डरकला त हालते जिनाची भीत,
तुमचा बैल डरकला त फुटत नाही शीत!"

काकू मान डोलावून हसल्या. दाद दिली. आणि मग सरळ वर्मावर घाव घातला.

"जिनाची भीत पडली कवाची, उरले नुसते दगड,
बैल इकून इमानात बसला, आता कायची अकड?"

हॉल हसला. बाबा हसले नाहीत. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. खोटं असतं तर परतवलं असतं, पण बैल विकून ते विमानात बसले हे खरं होतं, आणि सगळ्या गावाला माहीत होतं. कासरा धरलेला हात खाली आला. मला समजलं की आता हा माणूस परत खुर्चीत जाऊन बसणार, आणि आज रात्री तिकीट मागणार.

मला जो संताप आला ना! काकूंचा नाही, त्या बिचाऱ्यांनी खेळ चोख खेळला होता. कुणाचा आला कुणास ठाऊक. मी हातातलं ओवाळणीचं ताट मुलीच्या हातात कोंबलं, बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि तोंड उघडलं. काय निघणार हे मलाही माहीत नव्हतं.

"बैल इकले, कासरा ठेवला, खुंटीवर हाय झूल,
तुमच्या दारात ट्रॅक्टर उभा, त्याले कायचं फूल?"

'खुंटीवर' म्हणताना आवाज घोगरा झाला आणि शेवटची ओळ मी इतक्या घाईत संपवली की मागच्या रांगेला ऐकूसुद्धा गेली नसेल. तरी टाळ्या पडल्या. माझ्या नवऱ्यानं खुर्चीवर चढून शिट्टी मारली. पुण्याचा माणूस, शिट्टी, तीही खुर्चीवर चढून! बाबा माझ्याकडे टक लावून पाहत होते. लग्नात मला पाठवतानाही त्यांनी इतकं नीट पाहिलं नव्हतं.

काकूंनी कंबरेवर हात ठेवले. मला वाटलं, मुलीसारखी म्हणून सोडून देतील. कसलं काय!

"ट्रॅक्टरले बांधीन घुंगरू, त्याले लावीन टिका,
झडती म्हनता येत नाही त आधी घरून शिका!"

संपलं. माझ्याकडे काहीही नव्हतं. हसणं, टाळ्या, "हर हर महादेव"ची आरोळी, आणि काकूंच्या नातवानं आपला बैल धडधड तोरणाखालून नेला. खजुराची पाती त्याच्या डोक्यावर पडली. पोळा फुटला. मागून आमचा जांभळ्या शिंगांचा निघाला, मग सगळे, गठ्ठ्यानं, कुणाचा नंबर कुठे आणि काय. चिटणिसांनी टोकनं खिशात घातली आणि पुरणपोळीच्या रांगेत सगळ्यात आधी तेच उभे राहिले. काकू माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "पोरी, फुलाचं बोलनं चांगलं होतं. पन हळू बोलली तू. पुढच्या साली गावाले ये." बाबांनी दोन पोळ्या खाल्ल्या, तिसरी मागितली, आणि जेवताना काकूंशी कुठल्याशा जुन्या वर्षाच्या झडतीवरून पुन्हा वाद घातला.

परत येताना गाडीत बाबा पुढे बसले होते. हरल्याचं दुःख होतं, मला हरायची अजिबात सवय नाही. फहाहीलच्या सिग्नलला गाडी थांबली आणि बाबा एकदम मागे वळले.

"असं म्हनतात काय झडती? आँ? अर्धी गिळून टाकली! 'झूल'वर थांबाले पाह्यजे. लोकाइले हसू द्यायचं, मंग 'ट्रॅक्टर' सोडाचा. आन् पाय कशाले हालवत होती? पाय रोवून उभं राह्यचं. आपलं घर हाय ते, पाहुन्याच्या घरी आली काय तू?"

मी ओवाळणीचं ताट मांडीवर घेतलं आणि उगाच निरांजन पुसायला लागले.

"त्या बाईनं नाक कापलं आपलं. घरून शिका म्हनते! उद्यापासून चहा झाला की माह्यासमोर बसाचं. माह्या बापाच्या आहेत, त्याच्या बापाच्या आहेत, साऱ्या सांगतो. कोनाले सांगितल्या नाहीत मी." मग जरा थांबून, मुलीकडे बोट दाखवून, "आन् हिले बी बसव."

"आजोबा, आय डोन्ट नो वऱ्हाडी," मुलगी म्हणाली.

"तुह्या मायले बी येत नाही," बाबा म्हणाले, "पाह्यलं ना आता?" आणि माझ्याकडे वळून, "हं. म्हन. बैल इकले, कासरा ठेवला. मोठ्यानं."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. नवऱ्यानं गाडी काढली नाही, आरशातून माझ्याकडे बघत राहिला. मी पाय रोवले आणि म्हटली.